पुरणपोळीच्या चवीचा चहा: तयार पाकीट आणि घरचं मिश्रण

पुरणपोळीच्या चवीचा म्हणून जो मसालेदार चहा हल्ली पाकिटातून मिळतो, त्यातलं १०० ग्रॅमचं एक पाकीट इथे उघडून, चाळून, उकळून पाहिलं आहे. शेजारी घरी बांधलेलं मिश्रण ठेवलं आहे, वजनांसकट. विकणाऱ्याचं नाव देत नाही. पाकिटात जे चुकलंय ते या प्रकारच्या मालात सर्रास होऊ शकतं आणि ते ओळखता आलं म्हणजे पुरे. निकाल आधीच सांगून टाकतो: पाकिटाचा चहा वाईट नाही, पण तो वेलची चहा आहे. पुरण त्यात कुठेही लागत नाही.

याचं कारण मसाल्यात शोधायला गेलं तर सापडत नाही. गूळ, वेलदोडा आणि जायफळ एकत्र आले की पुरणपोळी झाली, असा हिशेब दिसतो. पण हेच तिघं खरवसातही असतात. बासुंदीत गुळाऐवजी साखर, बाकी दोघं तेच. मग पुरणाचं पुरणपण कशात? हरभऱ्याच्या डाळीत, आणि तव्यावर डाग पडलेल्या पोळीच्या खमंगपणात. चहात हे आणायचं तर काहीतरी भाजलेलं आणि डाळीचंच पडायला हवं. पाकिटात डाळीचा कणही नाही.

आधी पाकीट. मागच्या बाजूला घटकांची यादी अशी: चहा, गुळाची पावडर, वेलदोडा, सुंठ, जायफळ, केशर, आणि शेवटी कृत्रिमरीत्या तयार केलेला स्वाद. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे यादीतला क्रम वाचणं हीच पहिली परीक्षा. गूळ दुसऱ्या क्रमांकावर आहे, म्हणजे चहाच्या खालोखाल सर्वांत जास्त वजन त्याचं. साध्या दाणेदार चहाच्या कितीतरी पट भाव देऊन आपण गूळ विकत घेतो आहोत.

पांढऱ्या ताटलीत १० ग्रॅम पसरलं की गोष्ट उघड होते. चहाचे गोल दाणे सुटे आहेत, पण त्यांच्यात हरभऱ्याएवढ्या तपकिरी गाठी आहेत. नखाने दाबली तर गाठ ओलसर लागते, बोटाला चिकटते, आणि आत चहाचेच दाणे गुळाने लिंपलेले दिसतात. गुळाची पावडर हवेतलं पाणी ओढते. चांगल्या सीटीसी चहात (यंत्रात चुरून, वळवून केलेल्या दाणेदार चहात) ओलावा तीन-चार टक्क्यांच्या आसपास असतो, आणि तोही पाणी ओढायला टपलेलाच. दोघांना एका पिशवीत कोंडलं की पावसाळ्यात दुसरं काही होणार नाही. अशा ओलावलेल्या चहाला कडकपणा राहत नाही, मग माणूस जास्त चमचे घालतो आणि नुसता तुरटपणा वाढवतो.

केशराच्या दोन काड्या मिळाल्या. दुधाच्या कडक चहात केशराचा रंग दिसत नाही आणि एवढ्याशा केशराचा वास आसामच्या चहापुढे टिकत नाही. त्या काड्या पाकिटावर ‘केशर’ छापण्यासाठी आहेत, एवढंच म्हणता येईल.

मैद्याच्या चाळणीतून उरलेलं पाकीट चाळलं तर बारीक मसालापूड वेगळी होऊन खाली पडते. नुकसान इथेच आहे. चहाचा दाणा मोठा, मसाल्याची पूड पिठासारखी. डबा हलला की पूड दाण्यांच्या फटींतून तळाला जाते. पहिले दहा कप मिळमिळीत होतात, शेवटचे पाच-सहा जायफळाने कडू. ‘डबा वापरण्यापूर्वी हलवा’ असं लिहून हे सुटत नाही, हलवल्यानेच तर पूड खाली बसते. मसाला चहाच्या दाण्याच्या जवळपास कुटलेला असला तरच मिश्रण एकजीव राहतं.

चवीसाठी दोन पद्धतींनी उकळलं. पहिली चहा चाखणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय पद्धत, आयएसओ ३१०३: १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम, सहा मिनिटं, दूध नाही. यात कोरी चव उघडी पडते. कप नाकाशी नेला की आधी एक गोड, मिठाईच्या दुकानातला वास येतो. तो बाहेरून घातलेला स्वाद. एक-दोन मिनिटांत तो उडतो आणि खाली साधा, बऱ्यापैकी कडक चहा उरतो. दुसरी आपली रोजची पद्धत, पाणी-दूध-चहा एकत्र. इथे पाकीट सपशेल पडलं. गूळ चहातच मिसळलेला, त्यामुळे तो दुधाबरोबर उकळणार, आणि दूध फाटणार. तीन वेळा केला, त्यातला एकदा स्पष्ट फाटला, एकदा गाळणीत बारीक कणी राहिली. गूळ थोडा आंबट असतो, त्यात क्षारही असतात. उकळत्या दुधातलं केसिन हे प्रथिन तेवढ्याने गोळा होतं. जुना, काळपट, ओलावलेला गूळ जास्त आंबट, म्हणून त्याने दूध लवकर नासतं. गुळाचा चहा रोज पिणाऱ्या घरांत गूळ नेहमी भांडं खाली उतरवल्यावर पडतो. पाकिटाने ती सोयच काढून घेतली.

त्याहून मोठी चूक वेळेची आहे. सुंठीला उकळी लागते, डाळीला लागते, चहाला लागते. वेलदोडा आणि जायफळ यांना ती सोसत नाही. वेलदोड्याचा थंड, उघडा वास आणि जायफळाचा गोडसर वास हे दोन्ही उडणाऱ्या तेलांत असतात, पाच मिनिटं खळखळवलं की स्वयंपाकघर दरवळतं आणि कप रिकामा राहतो. पुरण करताना वेलची-जायफळ शेवटी, पुरण घट्ट झाल्यावर का घालतात, तर याचसाठी. म्हणून या चहाचं मिश्रण एका डब्यात बांधताच येत नाही. दोन डबे लागतात: एक उकळायचा, एक वरून घालायचा.

घरचं मिश्रण, १०० ग्रॅमच्या हिशेबाने.

मोठ्या डब्यात: आसामचा दाणेदार सीटीसी चहा ७२ ग्रॅम, भाजून भरडलेली हरभरा डाळ १६ ग्रॅम, सुंठ साडेतीन ग्रॅम, बडीशेप अडीच ग्रॅम. छोट्या डबीत: वेलदोड्याचे दाणे ५ ग्रॅम, जायफळ १ ग्रॅम, आणि दोन्ही मिळून जेवढं वजन तेवढीच साखर, म्हणजे ६ ग्रॅम, १०० ग्रॅमच्या हिशेबाबाहेरची. ही साखर गोडीसाठी नाही. जायफळ कुटताना तेल सुटून पूड खलाला चिकटते, साखर ते तेल धरून ठेवते आणि वेलचीचे दाणेही तिच्यामुळे चटकन कुटले जातात. एवढ्यात दोन-दोन कप असा चौदा वेळा चहा होतो. तोळामाशाचा काटा नसेल तर दुप्पट-तिप्पट माप एकदम करा; १ ग्रॅम जायफळ साध्या काट्यावर नीट मोजता येत नाही आणि या मिश्रणात चूक परवडत नाही ती फक्त जायफळाची.

चहा कोणता घ्यावा? बीपी (ब्रोकन पेको) म्हणून मिळतो तो मध्यम दाणा. डस्ट, म्हणजे भुकटीसारखा बारीक चहा, घेतला तर डाळीच्या भरडीशी आकार जुळत नाही आणि गाळणी तुंबते. दार्जिलिंगचा किंवा मोठ्या पानांचा चहा इथे वाया जातो, दूध आणि भाजकी डाळ यांच्याखाली त्याचा नाजूकपणा दबतो.

डाळीवर सगळं अवलंबून आहे, म्हणून तिथे घाई नको. साधी, कच्ची हरभरा डाळ घ्यायची. पंढरपुरी डाळं चालत नाही: ते आधीच फुललेलं आणि ठिसूळ असतं, कुटलं की त्याचं पीठ होतं. पीठ चहात गेलं की फेस येऊन उतू जातं, तळाला लागतं, आणि कपाला सरळ पिठल्याचा वास येतो. कच्ची डाळ १०० ग्रॅम, जाड बुडाची कढई, मंद आच, हात सतत फिरता. पाच-सहा मिनिटांनी कच्चट, हिरवा वास जातो. दहाव्या मिनिटाच्या आसपास फुटाण्यांचा वास येतो, पण थांबायचं नाही. डाळीच्या कडा बदामाच्या सालीसारख्या तांबूस झाल्या आणि दाणा फोडल्यावर आतही रंग दिसला की उतरवायची. एकूण बारा ते पंधरा मिनिटं. बाहेरून तांबूस आणि आत पिवळी राहिली तर आच मोठी होती. तशी डाळ चहात उकळली की वरणाचा वास येतो. काळे डाग पडले तर डाळ टाकून द्यायची, जळकेपणा गुळाने झाकला जात नाही.

ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यायची, किमान एक तास. कोमट डाळ डब्यात गेली तर तिची वाफ चहा पिऊन टाकतो आणि पाकिटातल्या गाठींची तक्रार घरच्या डब्यातच सुरू होते. मग मिक्सरमध्ये नाही, खलबत्त्यात भरडायची. रव्यापेक्षा जाड, साबुदाण्यापेक्षा बारीक. मैद्याच्या चाळणीने चाळून खालचं पीठ काढून टाकायचं, ते पिठल्याला नाहीतर लाडवाला जाईल. वजन चाळल्यानंतरचं धरायचं.

जपानात भाजलेला तांदूळ हिरव्या चहात मिसळून ‘गेनमाइचा’ नावाचा चहा करतात. तिथेही धान्य अख्खं किंवा फुललेलं ठेवतात, त्याचं पीठ करत नाहीत, कारण भाजकेपणा पाण्यात उतरायला हवा, पिष्ट उतरायला नको. डाळीचं काम इथे अगदी तेच आहे.

सुंठ मोडून पाहावी. कट् आवाज होऊन तुटली तर कोरडी, वाकली तर दमट. कुटल्यावर धागे राहतात ते चाळून काढायचे. ओलं आलं या चहात घालू नये: त्याची तिखट, हिरवी चव पुरणाची नाही, शिवाय ताज्या आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं आणि पाण्यात आधी नीट उकळलं नाही तर गुळाच्या जोडीला तोही धोका. बडीशेप सगळ्यांकडे पुरणात पडत नाही, काही घरांतच पडते. इथे ती घातली आहे ती दुसऱ्या कारणाने. तिच्याशिवाय भाजकी डाळ आणि वेलची दोन टोकांना राहतात, तिने मधली जागा भरते. कोमट तव्यावर अर्धा मिनिट हलवून जाडसर कुटायची. अडीच ग्रॅमच्या वर गेलात तर जेवणानंतरच्या मुखवासाची आठवण येते.

वेलदोडा हिरवागार दिसतो म्हणून घेऊ नये. साल फोडून दाणे बघावेत: काळपट, टपोरे, एकमेकांना चिकटलेले असले तर ताजे. फिके, सुरकुतलेले किंवा सुटे खडखडणारे असले तर त्यात वास थोडाच. केरळातल्या इडुक्कीचा सात-आठ मिलिमीटरचा वेलदोडा महाग पडतो, पण इथे दाणेच लागतात, तेव्हा एक नंबर लहान घेतला तरी चालतो. सालं कुटून डबीत घालू नका, चव कागदासारखी होते. ती मोठ्या डब्यात चार-पाच टाकून ठेवायला हरकत नाही.

जायफळ कोकणातलं मिळालं तर उत्तम. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ आणि ‘कोकण स्वाद’ अशा जाती दिल्या आहेत, आणि नारळ-सुपारीच्या बागांत जायफळाची झाडं आता बरीच दिसतात. फळ हातात जड लागायला हवं. हलकं असलं तर आत किडीने पोखरलेलं. कापल्यावर तपकिरी-पांढरी, संगमरवरासारखी नक्षी दिसते आणि सुई टोचली तर टोकाला तेल लागतं. किसणीवर किसून लगेच साखरेबरोबर कुटायचं. बाजारची जायफळ पूड घालायची असेल तर हा चहाच करू नये, तिच्यात उरतो तो कडूपणा.

प्रमाण पुन्हा सांगतो, कारण घोळ इथेच होतो. दोन कपांत जायफळ जेमतेम ०.०७ ग्रॅम जातं. दुप्पट केलं तर चहा साबणासारखा लागतो आणि जिभेच्या टोकाला बधिरपणा येतो. काही ग्रॅम जायफळ पोटात गेलं तर गरगरणं, छातीत धडधड असा त्रास होतो. या मापाने त्याच्या जवळपासही आपण जात नाही, पण ‘जरा जास्त घातलं तर जास्त खमंग’ हा नियम जायफळाला लागू नाही.

आता करायची रीत, दोन कपांची. पाणी २०० मिली उकळवायचं. मोठ्या डब्यातलं मिश्रण साडेसहा ग्रॅम, म्हणजे दोन चमचे सपाटून वर थोडं. आच कमी करून तीन मिनिटं. पाणी तांबडं आणि किंचित दाट दिसतं, भाजक्या डाळीचा वास आता वर येतो. दुसऱ्या भांड्यात तापवलेलं १५० मिली दूध घालायचं. फुल क्रीम किंवा म्हशीचंच हवं, वेलची-जायफळाची तेलं दुधाच्या स्निग्धात उतरतात, पातळ टोन्ड दुधात तोच मसाला अर्धा वाटतो. एक उकळी, मग मंद आचेवर दोन मिनिटं. गॅस बंद. छोट्या डबीतला पाव चमचा मसाला घालून झाकण, एक मिनिट. मगच २० ते २२ ग्रॅम किसलेला गूळ, ढवळून, लगेच गाळायचं. गाळल्यावर दोन कप भरतात.

गूळ पिवळट-तांबूस, कोरडा, कोल्हापुरी असला तर बरं. नवा गूळ आणला की आधी वाटीत दोन चमचे कडक तापलेलं दूध घेऊन त्यात बोराएवढा खडा विरघळवून बघा. वाटीत कणी दिसली तर तो गूळ आमटीला ठेवा. चिमूटभर खायचा सोडा घातला की दूध वाचतं हे खरं, पण चहा काळपट-लाल आणि चवीला सपाट होतो. मीठ मात्र चार-पाच कण घालून पाहावं, पुरणात घालतात तसंच.

चव घेताना तीन वेळा घ्या. अगदी गरम असताना नाकात फक्त वेलदोडा येतो, त्यावरून मत बनवू नका. पिण्याजोगा झाला की जिभेवर गूळ, मग घशाशी सुंठीची ऊब, आणि घोट गिळल्यानंतर श्वासाबरोबर भाजक्या डाळीचा वास परत येतो. हा परतणारा वास पाकिटाच्या चहात अजिबात नव्हता, आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप. तिसऱ्यांदा कोमट झाल्यावर: जायफळ जास्त झालं असेल तर कडूपणा इथे कळतो, गरम असताना तो लपतो. डाळ कमी भाजली असेल तर तेही इथेच कळतं.

तुपाबद्दल. पोळीवरच्या तुपाची आठवण म्हणून कपावर कढवलेल्या साजूक तुपाचे दोन थेंब सोडले तर वास जवळजवळ पुरा होतो. पण ओठांना तेलकटपणा लागतो आणि चहा गार झाला की वर पापुद्रा धरतो. पहिल्या कपाला जरूर करून बघावं, रोजचं होण्यासारखं नाही. डब्यात मात्र तूप कधीच नाही, खवट होतं. काजू-पिस्त्यांचे काप घातलेली मिश्रणंही याच कारणाने टाळावीत.

मोठा डबा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, उजेडापासून लांब, दोन महिने टिकतो. छोटी डबी पंधरा-वीस दिवसांपुरतीच करावी. दोन्ही फ्रिजमध्ये नकोत, बाहेर काढताच आत दव धरतं. बोअरचं जड पाणी असेल तर चहावर साय धरल्यासारखा तवंग येतो आणि सगळंच मंद लागतं, गाळलेलं पाणी वापरा.

इतर गोडांची नावं लावलेली मिश्रणंही मिळतात, त्यांच्याबद्दल थोडक्यात. श्रीखंडाचा चहा घेऊ नये: श्रीखंडाची ओळख चक्क्याच्या आंबटपणात आहे आणि तो दुधाच्या चहात आणता येत नाही, उरतो वेलची-केशराचा चहा. बासुंदीची चव आटवलेल्या दुधाची, ती पाकिटात येऊच शकत नाही. दूधच आधी आटवून घ्या आणि साधा चहा करा. मोदकाच्या मिश्रणात सुकं खोबरं असतं, ते लवकर खवटतं, पाकीट उघडल्यावर वास घेऊनच ठरवा. गुलाबजामाचं तेवढं जमून जातं, वाळलेल्या गुलाबपाकळ्या आणि वेलदोडा चहाबरोबर नीट नांदतात.

पाकिटाला पाचपैकी दोन. एक बऱ्यापैकी चहासाठी, एक वेलदोड्यासाठी, तो ताजा होता. घरच्या मिश्रणाला चार. पोळीच्या कणकेचा खरपूसपणा अजून त्यात नाही. जाड लापशी रवा डाळीसारखाच तांबूस भाजून चार ग्रॅम घातला तर थोडा जवळ येतो, पण चहा गढूळ होतो.

पाकीट आधीच घेतलं असेल तर फेकू नका. गाठी हाताने फोडून मैद्याच्या चाळणीने पूड वेगळी करा आणि ती वेगळ्या डबीत भरा. वर राहिलेल्या चहात दर ५० ग्रॅमला १० ग्रॅम भरडलेली भाजकी डाळ मिसळा. गूळ त्यात चिकटलेला असल्याने दूध एकत्र उकळू नका: चहा पाण्यातच करून गाळा, कपात ओता, वरून कडक दूध घाला आणि चाळलेल्या पुडीची चिमूट शेवटी टाका.